सौंसर-पांढुर्ण्याचा विदर्भ

ज्या संघाने १९५७-५८ च्या हंगामात रणजी करंडकाच्या स्पर्धेत पहिले पाऊल टाकले, आणि त्यानंतरच्या साठ वर्षांत ज्याला अंतिम सामन्याची पायरी एकदाही चढता आली नाही, तो विदर्भाचा क्रिकेट संघ २०१७ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या ईडन गार्डनवर कर्नाटकासारख्या मातब्बर संघाला अवघ्या ५ धावांनी नमवून इंदुरास दिल्लीशी अखेरची झुंज देण्यास निघाला, तेव्हा नागपुरातल्या माझ्यासारख्या असंख्य लोकांना घरी स्वस्थ बसणे अशक्य झाले. सामना २९ तारखेला सुरू व्हावयाचा होता. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी इंदुरास उतरणे हा सरळ आणि सोयीचा मार्ग. पण मी मुद्दाम सडक धरली, आणि तीही थोडी वाकडी वाट करून, कारण त्या वाटेवर सौंसर आणि पांढुर्णा ही गावे लागतात. विदर्भाचा संघ अंतिम सामन्यास जात असताना त्या दोन गावांत काय चालले असेल, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटेना.

राज्यांच्या नकाशात ही गावे विदर्भात नाहीत. ती मध्य प्रदेशात आहेत. देवगडच्या गोंड राजांच्या अमलाखालून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला; १८५३ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले तेव्हा तो इंग्रजांच्या ताब्यात गेला; १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला तेव्हा नागपूर ही त्या प्रांताची राजधानी ठरली, आणि सौंसरच्या शेतकऱ्याचा कापूस, त्याचा कज्जा, त्याच्या मुलाचे महाविद्यालयीन शिक्षण आणि त्याच्या घरातले मोठे आजारपण, ही सारी नागपूरच्याच दिशेने चालू लागली. पुढे वऱ्हाड जोडले गेले, स्वातंत्र्य आले, प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले, तरी राजधानी नागपूरच राहिली. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना अमलात आली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, ज्याच्या दक्षिण पट्टीत ही मराठी बोलणारी गावे होती, तो जिथल्या तिथे राहिला. गाव हलले नाही, शेताची मेर हलली नाही. राजधानी मात्र भोपाळास गेली, आणि ज्या नागपूरला काल आपले शहर म्हणावयाचे ते आज परराज्यातले शहर झाले. त्यानंतर दुसऱ्याच हंगामात विदर्भाचा संघ रणजीत उतरला. म्हणजे सौंसरच्या माणसाला विदर्भाचा संघ मिळाला तो ज्या क्षणी विदर्भ त्याच्या हातून गेला त्याच सुमारास, ही गोष्ट मला या प्रवासात वारंवार आठवत राहिली.

कोराडीच्या वीजकेंद्राची धुरांडी मागे टाकून आम्ही पाटणसावंगीकडे निघालो, तेव्हा उन्हे कोवळी होती आणि दोन्ही बाजूंच्या शेतांतून वेचणीच्या शेवटच्या कापसाचे पांढरे ठिपके दिसत होते. याच टापूत, खापरखेड्याजवळ, वलनीची कोळशाची खाण आहे. त्या खाणीतल्या एका कामगाराचा मुलगा उमेश यादव वेगवान गोलंदाज झाला आणि २०११ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिला खेळाडू. चोपन्न वर्षे खेळल्यावर एका प्रांताला त्याचा पहिला कसोटीवीर लाभतो, यावरून त्या प्रांताच्या क्रिकेटची दैना कळावी. आता अंतिम सामन्याच्या वेळी हाच उमेश विदर्भाच्या उपयोगी पडणार नव्हता, कारण भारताचा संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाला होता आणि त्याला तिकडे जाणे भाग होते. सावनेरास मी घटकाभर थांबलो. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकऱ्यांनी याच गावी देह ठेवला. मराठी वाचणाऱ्या माणसाने सावनेरावरून न थांबता जाऊ नये, असे मला नेहमी वाटत आले आहे. तेथून उत्तरेस काही अंतर गेल्यावर राज्याची सीमा लागते. दुकानांच्या पाट्या हिंदी होतात, गाड्यांवरची अक्षरे बदलतात, आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला गुराखी मात्र दोन कोस मागे ऐकलेल्याच मराठीत बैलाला हाक मारीत असतो.

सौंसर माझ्या आत्याचे सासर. आत्या जाऊन बरीच वर्षे झाली. तिचे थोरले चिरंजीव, ज्यांना मी दादा म्हणतो, शिक्षकी पेशातून निवृत्त होऊन आता शेताकडे पाहतात. त्यांचे वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. तरुणपणी त्यांनी नागपूरला जाऊन विदर्भाचे सामने पाहिले होते, आणि ते जाणे म्हणजे नागपूर-छिंदवाडा या अरुंद रुळांच्या गाडीने, जी डोंगरउतारावर इतकी सावकाश चाले की धीट पोरे उतरून पुन्हा चढत. ती गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली. मी गेलो तेव्हा सौंसरच्या स्थानकाशी रुंद रुळांसाठी मातीचा नवा भराव पडत होता. दादांनी नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानाचे वर्णन असे केले की जणू ते कालच तेथून उठून आले. त्या काळी मध्य विभागात विदर्भाची गाठ राजस्थान, उत्तर प्रदेश, रेल्वे आणि मध्य प्रदेश यांच्याशी पडे. राजस्थानच्या संघात सलीम दुराणी आणि हनुमंतसिंह असत. हे दोघे नागपुरात उतरले की मैदान भरे, आणि भरलेले ते मैदान विदर्भाचा पराभव पाहून घरी जाई.

“मुंबईचा माणूस पेपर उघडते थे मुंबई किती धावांनी जिंकली पाहाले,” दादा म्हणाले, “आन आमी उघडत होतो थे विदर्भ डावानं हरला का दहा गडी राखून हरवला गेला, हे पाहाले. पण उघडत होतो ना बाप्पा, रोज उघडत होतो. एक दिवस नाही चुकला.”

नागपूरची मराठी वर्तमानपत्रे सौंसरास सकाळच्या गाडीने येत. भोपाळच्या वर्तमानपत्रांत मध्य प्रदेशाच्या सामन्याचा तपशील येई. विदर्भाला तिथे कोपऱ्यात दोन ओळी मिळत. म्हणून शाळेच्या मधल्या सुट्टीत दादा बसस्थानकाकडे जाऊन नागपूरचे पत्र चाळीत, आणि वर्गात परतल्यावर मुलांना फलकावर धावसंख्या लिहून दाखवीत. मुख्याध्यापकांनी एकदा विचारले की आपल्या राज्याचा संघ सोडून तुम्ही हे दुसऱ्या राज्याचे काय लिहिता; त्यावर दादांनी कोणताही वाद न घालता दुसऱ्या दिवसापासून फलकाचे दोन भाग केले, एकावर मध्य प्रदेश आणि दुसऱ्यावर विदर्भ, आणि निवृत्त होईपर्यंत तो पाठ चालू ठेवला. या गोष्टीचे मला मोठे कौतुक वाटले. राज्यनिष्ठा आणि आत्मीयता यांच्यात झगडा लागला असता माणसे बहुधा एकीचा गळा घोटतात; दादांनी खडूची एक उभी रेघ ओढून दोघींनाही नांदू दिले.

संध्याकाळी ते मला गावाबाहेरच्या मैदानावर घेऊन गेले. पोरे टेनिसच्या चेंडूने खेळत होती. क्रिकेटच्या दप्तरात ही सर्व मुले मध्य प्रदेशाची; एखाद्याचे नशीब उजाडले तर त्याने जबलपूर-इंदूरकडे जाऊन निवड चाचणी द्यावयाची, नागपूरकडे नव्हे. तरीही त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी फैज फजल, अक्षय वखरे, आदित्य सरवटे हीच नावे होती, आणि एक कृश मुलगा रजनीश गुरबानीची धाव घेण्याची ढब इतकी हुबेहूब उचलून चेंडू टाकीत होता की बाकीची पोरे खेळ थांबवून ती पाहत. मी त्याला विचारले, उद्या विदर्भ आणि मध्य प्रदेश समोरासमोर आले तर तू काय करशील? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “काका, तवाचं तवा पाहू. सध्या दिल्ली हाये.” हा प्रसंग पुढे खरोखरच आला. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून आपला पहिला रणजी करंडक पटकावला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये नागपुरात, उपांत्य सामन्यात, विदर्भाने मध्य प्रदेशाला ६२ धावांनी हरवले. विदर्भाने इंदूरचा तो सामना ९ गडी राखून जिंकला, लगेच पुढल्या हंगामात करंडक राखला आणि २०२४-२५ मध्ये तो तिसऱ्यांदा नागपूरला आणला, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु २०१७ च्या त्या डिसेंबरात यातले काहीच घडलेले नव्हते, आणि ज्यांनी त्या दिवसांत विदर्भाचा पक्ष घेतला त्यांच्या मनाची अवस्था समजून घ्यायची तर हे पुढचे सारे विसरून जावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मला जामसावळीस घेऊन गेले. तेथे पिंपळाच्या सावलीत मारुतीची निद्रिस्त मूर्ती आहे, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे आपापली दुखणी, नवस, न्यायालयातले दावे घेऊन तेथे येतात. मंडपात एका तरुणाने नारळावर कुंकवाने काहीतरी लिहिलेले मला दिसले. जवळ जाऊन पाहिले तो वेड्यावाकड्या अक्षरांत ‘विदर्भ’ असे होते. पुजाऱ्याने तो नारळ काही न विचारता उचलला, दगडावर फोडला, अर्धी वाटी परत दिली आणि पुढच्या माणसाकडे हात केला.

पांढुर्णा हे गाव कुठल्या तरी एका बाजूचे होऊन उभे राहणे म्हणजे काय, हे हिंदुस्थानातल्या इतर कोणत्याही गावापेक्षा अधिक जाणते, असे म्हणण्यास हरकत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे गोटमार होते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याची माणसे, दुसऱ्या काठावर सावरगावची. मध्ये पात्रात पळसाचे झाड रोवलेले आणि त्याच्या शेंड्याला झेंडा. तो झेंडा काढून चंडीमातेच्या देवळात नेण्यासाठी दोन्ही काठांवरून दिवसभर दगडांचा वर्षाव होतो. एका काठच्या तरुणाने दुसऱ्या काठची मुलगी पळवून नेली आणि नदीच्या मध्यभागी दोघांना दगडांनी गाठले, अशी गोटमारीच्या उगमाची कथा सांगतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकदा माणसे प्राणांसही मुकली आहेत. सरकारने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, बंदीहुकूम काढून पाहिले, पण लोकांनी ते मानले नाहीत. माझे मत विचाराल तर ही प्रथा बंद व्हावी, आणि ती बंद होण्यात पांढुर्ण्याचे काहीच उणे होणार नाही. मात्र जाम नदीच्या पुलावर उभा राहून त्या कोरड्या पात्राकडे आणि त्यातल्या गोल गोट्यांकडे पाहताना मला हेही जाणवले की ज्या गावाच्या रक्तात बाजू घेण्याची एवढी ओढ आहे, त्याला क्रिकेटसारखा खेळ लाभणे ही भाग्याची गोष्ट आहे. तिथे बाजू घेता येते, जीव ओतून घेता येते, आणि रात्री दोन्ही काठांची माणसे धडक्या डोक्यांनी घरी जातात. विदर्भाच्या बाबतीत तर पांढुर्णा आणि सावरगाव यांत मला तिळमात्र भेद आढळला नाही.

गावात तेव्हा आंबिया बहाराची शेवटची संत्री उतरत होती. दादांच्या ओळखीचे एक व्यापारी बाजाराजवळच्या आपल्या आवारात आम्हाला घेऊन गेले. आवाराच्या एका अंगाला फळांचे मोठमोठे ढीग होते आणि त्यांच्याभोवती बायका मांडी घालून बसल्या होत्या; त्यांच्या हाताचा वेग असा की डोळा मागे पडावा. फळ उचलायचे, देठाचा उरलेला टोकदार तुकडा बारीक कात्रीने छाटायचा म्हणजे शेजारच्या फळाला तो टोचणार नाही, अंगठा आणि मधले बोट यांच्या घेरात त्याचे माप घ्यायचे, आणि लहान, मध्यम, मोठे अशा तीन ढिगांपैकी एकात ते न पाहता टाकायचे. तळाशी तणस अंथरलेली खोकी भरली की एक मुलगा त्यांवर खडूने व्यापाऱ्याची खूण करी. माल दिल्लीस, आझादपूरच्या बाजारात जावयाचा होता. मी सहज म्हणालो, आता दिल्लीशीच सामना आहे. व्यापाऱ्यांनी हातातला हिशेबाचा कागद खाली ठेवला आणि गंभीर मुद्रेने म्हणाले, “संत्रा देऊ ना भाऊ दिल्लीले. कप नाही द्यायचा.”

मग त्यांनी आणि त्यांच्या मुनिमांनी मिळून मला २१ डिसेंबरची सकाळ सांगितली. मी तो सामना स्वतः दूरचित्रवाणीवर पाहिला होता. तरी त्यांच्या तोंडून तो ऐकताना मला तो नवा वाटला. विदर्भाचा पहिला डाव १८५ वर आटोपला, आणि करुण नायरच्या १५३ धावांच्या बळावर कर्नाटकाने ३०१ केल्या, तेव्हाच या आवारातल्या निम्म्या लोकांनी आशा सोडली होती. ती त्यांची जुनी सवय. पण दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा उभ्या केल्या, कर्नाटकास जिंकण्यास १९८ हव्या झाल्या, आणि चौथ्या दिवशी दिवस मावळताना त्यांचे ७ गडी १११ धावांत परतले. उरल्या ८७ धावा, उरले ३ गडी. शेवटच्या सकाळी ट्रक भरावयास लागला होता. मुनीम मोबाइलवर धावसंख्या पाहून मोठ्याने सांगत, आणि हमाल खोके खांद्यावर घेतल्यावर ती ऐकून मगच पाऊल उचलीत. ३ गड्यांचे काम तासाभरात होईल असा सर्वांचा हिशेब होता. पण विनयकुमार आणि अभिमन्यू मिथुन हे काही नुसते गोलंदाज नव्हेत, आणि श्रेयस गोपाळ तर मुळीच नव्हे. धावा चढू लागल्या. १५० झाल्या, १७० झाल्या. “तवा कोनी बोलत नव्हतं,” मुनीम म्हणाले, “बायाबी थांबल्या. एक म्हातारी म्हने, मले क्रिकेट नाही समजत, पन तुमची तोंडं समजते. का होऊन राह्यलं सांगा.” १९० ओलांडल्या. ६ धावा हव्या असताना गुरबानीने शेवटचा गडी टिपला. त्या सकाळचे तिन्ही गडी त्याचेच, त्या डावात ६८ धावांत ७ आणि सामन्यात १२. व्यापारी म्हणाले की त्या दिवशी ट्रक दोन तास उशिरा निघाला, आणि आझादपूरच्या दलालाने उशिराचे कारण विचारले तेव्हा त्यांनी ते खरे तेच सांगितले.

मी त्यांना विचारले, तुमच्या मते आता काय होईल? त्यांनी दिल्लीची तोलामापाने मोजदाद केली, जशी ते फळांची करीत असावेत: करंडक ७ वेळा घरी नेलेला संघ, गौतम गंभीरसारखा सलामीचा फलंदाज, ऋषभ पंतसारखा कर्णधार, नवदीप सैनीचा वेग. आपल्या बाजूला उमेश नाही. मग त्यांनी आपल्या बाजूला काय आहे तेही मोजले. वसीम जाफर, जो मुंबईकडून ८ अंतिम सामने खेळला आणि त्यांतला एकही हरला नाही. फैज फजल, जो लहानपणापासून विदर्भाचे पराभव अंगावर घेत आला आणि या हंगामात धावांमागे धावा करीत सुटला. गुरबानी, स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, काल-परवापर्यंत नागपूरबाहेर ज्याचे नाव कोणी ऐकले नव्हते. आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित.

पंडितांचे नाव निघताच आवारातला एक तरुण म्हणाला की जाफर मुंबईचा, पंडित मुंबईचे, मग जिंकलो तरी त्यात विदर्भाचे काय? हा आक्षेप मी नागपुरातही ऐकला होता, आणि मला तो कधीच पटला नाही. विदर्भाने बाहेरची माणसे पूर्वीही आणली होती, आणि ती आली तशी हंगाम संपताच गेली. या वेळी जी दोन माणसे आली त्यांनी येथल्या मुलांच्या मनातली पराभवाची जुनी सवयच मोडून काढली. पंडित हे कडक शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्या कडकपणामागे एक मोठी व्यथा आहे. १९९९ मध्ये ते मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून बंगळुरास अंतिम सामना खेळले, पहिल्या डावात आघाडी मिळवूनही कर्नाटकाकडून हरले; आणि २०१७ च्याच जानेवारीत, याच इंदूरच्या मैदानावर, त्यांनी शिकवलेला मुंबईचा संघ गुजरातकडून अंतिम सामन्यात पराभूत झाला. जो माणूस हाता-तोंडाशी आलेला घास असा दोनदा गमावून पुन्हा इंदूरच्या त्याच मैदानावर जात होता, तो विदर्भाला परका कसा म्हणावा? त्या तरुणाला मी हे सांगितले. तो लगेच पटून घेणारा नव्हता, आणि मला ते आवडले.

पांढुर्ण्याहून पुढचा प्रवास मी भरभर केला. मुलताईस तापीच्या उगमकुंडावर हात जोडले. बैतूलच्या सागवनातून उतरताना थंडी अंगात भरली. हरदा गेले, आणि हंडियाजवळ नर्मदेच्या पुलावर आलो तेव्हा ऊन कलले होते. पलीकडच्या तीरावर नेमावरचे सिद्धेश्वराचे देऊळ उभे होते. भोसल्यांच्या मुलखातून होळकरांच्या मुलखात जाण्याची ही वाट, आणि या दोन मुलखांमध्ये क्रिकेटची एक जुनी देवघेव आहे, जी नागपूरकर सहसा बोलून दाखवीत नाहीत. कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ मध्ये नागपुरात झाला. तेथल्याच मैदानांवर ते वाढले, आणि १९२३ मध्ये तुकोजीराव होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इंदुरास गेले. १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर आर्थर गिलिगनच्या इंग्रज संघाविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा त्यांनी फटकावल्या, आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर हिंदुस्थान पहिली कसोटी खेळला तेव्हा कर्णधार तेच होते. होळकरांच्या संघाने रणजी करंडक ४ वेळा जिंकला. नागपूरने आपला सर्वांत मोठा खेळाडू इंदुरास दिला आणि आपण इतकी वर्षे रिकाम्या हाताने बसले; आता त्याच इंदुरात, होळकरांच्याच नावाच्या मैदानावर, नागपूरचा संघ पहिल्यांदा करंडकासाठी उभा राहणार होता. नर्मदेवरून जाताना माझ्या मनात आले की या वाटेने नायडू गेले असतील किंवा नसतील, पण त्यांच्यामागून एक आख्खा संघ यायला चौऱ्याण्णव वर्षे लागली.

इंदुरास पोचलो तेव्हा रात्र झाली होती. पलासियाजवळच्या एका उतारशाळेत जागा मिळाली. तेथे आधीच अमरावतीचे दोघे, वर्ध्याचा एक वकील आणि चंद्रपूरहून आलेले एक कुटुंब उतरलेले होते. कोणीही कोणाला, आपण सामन्याला आलात का, असे विचारले नाही. सरळ खेळपट्टीची चर्चा सुरू झाली. तिच्यावर गवत ठेवले आहे, असे संध्याकाळी मैदानाकडे चक्कर मारून आलेल्या वकिलांनी सांगितले. उमेशच्या जागी कोण, या प्रश्नावर जेवण थंड झाले. शेवटी बातमी आली की अकोल्याचा आदित्य ठाकरे, विशीच्या आतला, पहिल्या दर्जाचा एकही सामना न खेळलेला मुलगा, उद्या नवा चेंडू हाती घेणार. चंद्रपूरच्या बाईंनी आपल्या मुलाला जवळ घेऊन विचारले, “हा तुझ्याहून किती मोठा रे?” मुलाने बोटे मोजली आणि ती पाच-सहाच्या पुढे गेली नाहीत. एवढ्या मोठ्या सामन्यात एवढे कोवळे पोर, याची धास्ती तेथल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होती. पण पंडितांना आणि फजलला त्याच्यावर विसंबावेसे वाटले, या गोष्टीने मला मात्र धीर आला. साठ वर्षे भीतभीत खेळलेल्या संघाने हा निर्णय घेतला होता.

सकाळी हवेत चांगला गारठा होता. प्रेक्षागृह भरलेले नव्हते. आमची मंडळी एका कोपऱ्यात एकत्र बसली, आणि थोड्याच वेळात सौंसरची पाच-सहा पोरे रात्रभर बसने प्रवास करून येऊन आमच्यामागे बसली. नाणेफेक फजलने जिंकली आणि त्याने क्षेत्ररक्षण पत्करले. अंतिम सामन्यात दिल्लीला आधी फलंदाजी देण्याचे हे धाडस पाहून वकील एकदम उभे राहिले. इतक्यात माझा फोन वाजला. पांढुर्ण्याचे ते व्यापारी. धावसंख्या त्यांना मोबाइलवर दिसत होती. दिसत नव्हते ते विचारण्यासाठी त्यांनी फोन केला होता.

“पोरगा कसा धावून राह्यला? घाबरला वाटते का?”

ठाकरे तेव्हा आपली धाव पावलांनी मोजून खूण करीत होता. मी सांगितले की घाबरलेला दिसत नाही. खांदे सैल आहेत, गुरबानीशी काहीतरी बोलला आणि मान हलवून परत फिरला. स्लिपमध्ये किती माणसे, असे त्यांनी विचारले. मी मोजून सांगितली. यष्टिरक्षक मागे किती, फजल कुठे उभा, पंडित बाहेर दिसतात का, असे एकेक प्रश्न ते विचारीत गेले, आणि प्रत्येक उत्तर मागे वळून आवारातल्या लोकांना मोठ्याने ऐकवीत गेले. पलीकडून खोकी खाली ठेवल्याचे आवाज येत होते. पहिला चेंडू पडला तेव्हा ते म्हणाले, फोन ठेवू नका. मी ठेवला नाही. कुणाल चंडेला एकही धाव न करता ठाकरेच्या चेंडूवर बाद झाला, आणि मी काही सांगण्याच्या आधीच आमच्या कोपऱ्यातला कल्लोळ फोनमधून पांढुर्ण्यास पोचला.